उसाला, गुळाला, पुलावर

पुस्तकात छापलं होतं, ‘मी रोज शाळेत जाते.’ आणि पोरीनं बोट फिरवत, मोठ्यानं, कुठंही न अडखळता वाचलं, ‘मी रोज शाळंत जातो.’

मी म्हटलं परत वाच. परत ‘जातो’. बोट बरोबर ‘ते’च्या खाली होतं, आणि तिला मात्रा येत नाही असंही नाही, सुटं ‘ते’ दाखवलं की ‘ते’च म्हणते, ‘ते झाड’ पण नीट वाचते, पण वाक्याच्या शेवटी आलं की त्याचं ‘तो’ होतंय. डोळ्यानं बघितलं एक आणि तोंडातून आलं दुसरंच, मधल्या मधे तिनं पुस्तकाची भाषा काढून घरची घालून टाकली.

बाहेरगावच्यांसाठी सांगायला पाहिजे, कोल्हापुरात बायका-पोरी ‘मी आलो, मी गेलो, मी जेवतो’ असंच बोलतात. त्यात गडीमाणसाची ऐट वगैरे काही नाही, इथं ते तसंच आहे. माझी आई तशी बोलायची, सासू तशी बोलते, कपिलतीर्थ मार्केटातली भाजीवाली तशी बोलते. ‘ती आली, ती गेली’ हे सगळीकडच्यासारखंच, फक्त ‘मी’ आलं की ‘आलो’. मी डीएडला दुसऱ्या जिल्ह्यात होते, हॉस्टेलवर, पहिल्याच दिवशी रूमवर येऊन म्हटलं, ‘मी आंघोळ करून आलो,’ तर चौघी पोट धरून हसल्या आणि पुढं दोन वर्षं माझं नावच पडलं ‘आलो’. ‘ए आलो, डबा आला बघ.’ तेव्हापासून मला दोन जिभा आहेत. बाहेर ‘आले’, घरात ‘आलो’, आणि आत्ता हे लिहितानासुद्धा दोनदा ‘होतो’ खोडून ‘होते’ केलंय.

तर मी त्या पोरीला काय म्हटलं, ते पुढं सांगते. आधी वर्गाचं.

नोकरी सोडल्यावर गेली सहा वर्षं मी संध्याकाळी पाच ते साडेसहा आमच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या भागात, आठ-नऊ पोरं घेऊन बसते. घर शुक्रवार पेठेत, गंगावेशीच्या अलीकडं. ट्युशन म्हणायला नको वाटतं कारण मी होमवर्क घेत नाही, गणित घेत नाही, फक्त वाचायचं. पहिली ते तिसरीची पोरं, थोडी मराठी शाळेतली, थोडी सेमीची. सोडायला येणाऱ्या आयांची तक्रार बहुतेक एकच असते, ‘बाई, ह्याला अख्खी बाराखडी पाठ हाय, पण पेपर दिला की गप्प.’ आणि ते खरं असतं. पोरगं ‘क का कि की’ रेल्वेसारखं म्हणतं, ‘घर’ वाचतं, ‘बस’ वाचतं, आणि ‘घरासमोरच्या’ आलं की रूळ संपले.

प्रथम संस्थेचा ‘असर’ म्हणून सर्व्हे असतो ना, त्यात गावोगाव पोरांकडून वाचून घेतात, आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. माझ्याकडं येणारी निम्मी पोरं शब्द आणि उतारा ह्या दोन पायऱ्यांच्या मधे फतकल मारून बसलेली असतात. कारण उघड आहे, सुटा शब्द आणि वाक्यातला शब्द ही दोन वेगळीच माणसं असतात मराठीत. सुटा असतो ‘पाऊस’, वाक्यात तो ‘पावसात’, ‘पावसानं’, ‘पावसाळ्यातल्यासारखा’. पोरानं पाठ केलेला ‘पाऊस’ त्यात शोधून सापडत नाही.

पण त्याच्याही आधी एक भानगड आहे आणि ती मला एका हलगीवाल्यानं दाखवली.

म्हणजे हलगीवाल्याच्या भाच्यानं. दुसरीतला पोरगा. मामा हलगी वाजवतो त्यामुळं ह्याची बोटं कधी गप्प नाहीत, पाटावर, दप्तरावर, डब्यावर, पुढच्या पोराच्या पाठीवर, मी दहादा ओरडले असेन. एक दिवस तो ‘पुस्तक’ ह्या शब्दावर अडकला. ‘पु... स्त... क...’ तीन वेळा झालं, प्रत्येक वेळी मधे एवढा श्वास की तोवर पहिलं अक्षर विसरायची पाळी, आणि त्याला स्वतःलाच कळेना आपण काय वाचतोय, हातात पुस्तक असून. मी वैतागून म्हटलं, तोंडानं येत नसंल तर वाजव मग. आणि त्यानं दप्तरावर वाजवलं. दोन ठोके. पुस्-तक.

मी बघतच राहिले. अक्षरं तीन, ठोके दोन.

वीस वर्षं शिकवून माझ्या हे डोक्यात आलं नव्हतं. आपण पोरांना सांगतो अक्षर म्हणजे आवाजाचा एक तुकडा, अक्षराला अक्षर जोडा की शब्द. पण तोंड अक्षरांप्रमाणं तुकडे पाडतच नाही. छापताना तो अर्धा ‘स्’ आपण ‘त’च्या गळ्यात अडकवलाय आणि बोलताना तो ‘पु’च्या मांडीवर बसतो. पुस्. तक. आणि शेवटच्या ‘क’मधला ‘अ’ तर कुणी म्हणतच नाही, तोही ‘त’च्या मागं जाऊन चिकटतो. ‘कमळ’ तीन अक्षरी म्हणून शिकवतो, बोलतो मात्र क-मळ. ‘सरबत’ चार अक्षरी, बोलायचं सर-बत. पहिलीच्या पोराला आपण ‘क, म, ळ’ असं प्रत्येकात पुरता ‘अ’ घालून म्हणायला लावतो आणि मग म्हणतो, आता पटकन म्हण. पटकन म्हटलं तरी ‘कमळऽ’च होणार ना ते, ‘अ’ गिळायचा असतो हे त्याला कुणी सांगितलंय? जी पोरं वाचायला लागतात त्यांनी ते आपापलं ओळखलेलं असतं, आणि ज्यांना ओळखता येत नाही त्यांना आपण ‘कच्चा’ म्हणून मागं बसवतो.

गंमत म्हणजे हे कुठंच शिकवत नाहीत असं नाही. वरच्या वर्गात वृत्तं आली की लघु-गुरू मोजताना हेच सांगतात, जोडाक्षराचा आघात आला की आधीचं अक्षर गुरू. म्हणजे ‘पुस्’ जड झालं. तिथं हे मार्कांसाठी असतं आणि तोवर पोराला वाचता तरी यायला लागलेलं असतं किंवा त्यानं शाळेचा नाद सोडलेला असतो. पहिलीला जी गोष्ट लागते ती आपण इतकी वर्षं उशिरा देतो, ती पण ‘यमाताराजभानसलगा’च्या वेष्टनात.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या सोप्यात नुसता दंगा. प्रत्येक शब्द वाजवायचा. कोल्हापूरच्या पोरांना उदाहरणं शोधायला लांब जायला लागत नाही, चप्-पल, रस्-सा, खास-बाग, रं-का-ळा. सासू आतून ओरडायची, वाचन चाललंय का लगीन! ‘दिव्या’ शब्दावर तर दोन गट पडून भांडणं झाली. एक म्हणे दिव्-व्या, एक म्हणे दि-व्या. दोन्ही बरोबर. पोरीचं नाव असलं तर आघात येतो, देवापुढच्या दिव्याला येत नाही. मग फळ्यावर लिहिलं, ‘दिव्याने दिव्यात तेल घातलं,’ लिहायला दोन्ही सारखेच, वाचणाऱ्यानं अर्थ बघून वाजवायचं. त्या दिवशी मला वाटलं, अर्थ कळल्याशिवाय नुसतं वाचता येतं हे खोटं आहे, निदान मराठीत तरी.

आता शेपटांकडं येते. प्रत्यय हा शब्द मी पोरांपुढं काढत नाही, शेपूट म्हणते.

आमच्या लहानपणी हे पाठ करायला असायचं. ‘स ला ते, स ला ना ते, ने ए शी, नी ई ही शी.’ चाल लावून. मला आजही झोपेत येतंय. पण त्या पाठ केल्याचा वाचायला काडीचा उपयोग झाला नाही, कारण नुसतं शेपूट ओळखून काय करता, शेपूट लागलं की पुढचं जनावरच बदलतंय. घोडा, घोड्याला. पाणी, पाण्यात. म्हैस, म्हशीचं. घसा, घशात, ‘सा’चा ‘शा’ झाला. रस्सा, रश्शात, हे तर आमच्याकडं दर रविवारी. ह्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात, नावात सामान्य आहे एवढंच.

आणि त्यात ते ह्रस्व-दीर्घ. ऊस, पण उसाला. गूळ, पण गुळाचा. दूध, दुधात. मूल, मुलाला. विहीर, विहिरीत. १९६२ ला मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनानं मान्य केले, १९७२ ला त्यात चारांची भर पडली, असे अठरा आहेत, आणि त्यात हे सगळं लिहून ठेवलंय, अकारान्त शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, इकार-उकार दीर्घ, सामान्यरूपात तो ह्रस्व. मी हे डीएडला पाठ करून लिहिलं, पोरांना शिकवलं, पेपरात लाल गोल केले. का असं होतं हे मला कुणी विचारलं नाही आणि मी पण कुणाला विचारलं नाही. नियम आहे म्हणजे आहे.

ते कळलं कोल्हापूर वाजवताना.

को-ल्हा-पूर. तीन ठोके. हलगीवाल्यानं वाजवलं, शेवटचा ‘पूर’ चांगला लांब, घुमवून. मग मी फळ्यावर शेपूट लावलं, ‘कोल्हापुरात’. त्यानं वाजवलं, को-ल्हा-पु-रात. चार. आणि ‘पु’चा ठोका आपसूक बारका पडला, टिचकीसारखा. मी म्हटलं थांब, परत वाजव. परत तेच. ‘पूर’ एका ठोक्यात होता तोवर ‘र’ त्याच्या पोटाशी होता. शेपूट आलं तसा ‘र’ उठला आणि शेपटाकडं जाऊन बसला, ‘रात’. मागं ‘पु’ एकटा राहिला, आखूड झाला. फूल, फु-ला-ला. ऊस, उ-सा-ला. गूळ, गु-ळा-चा. सगळीकडं तीच तऱ्हा! शेवटचं अक्षर पक्ष बदलतंय आणि आधीचं उघडं पडून आखडतंय.

आणि ‘कोल्हापूरला’ लिहिताना ‘पू’ दीर्घच का राहतो हेही वाजवून बघितलं, को-ल्हा-पूर-ला, इथं ‘ला’ स्वतःचं स्वतः बसतंय, ‘र’ला ओढत नाही, म्हणून ‘पूर’ जाग्यावर. (गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहावा असा वेगळा नियमच आहे त्या अठरात, आमच्या गावानं आणि नागपूरनं मिळून घालायला लावला असेल असं मी पोरांना सांगते, ते खोटं आहे.)

काही शब्दांत तर मधला स्वर आखडत नाही, पुरता गायबच होतो. का-पूस, पण काप-साला. शे-पूट, शेप-टाला. पा-ऊस, पाव-सात. दे-ऊळ, देव-ळात. एका पोरीनं विचारलं, ‘बाई, त्यातला ऊ कुठं गेला?’ मी म्हटलं देवळात गेला. तेवढ्यावर भागलं.

हे सगळीकडं चालतंय असं नाही. ‘शरीर’चं ‘शरीराला’च राहतं, ‘री’ आखडत नाही, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द म्हणून. तिथं मी पोरांना सांगते हा पाव्हणा आहे, पाव्हण्याला घरची कामं सांगत नाहीत. तिसरीपर्यंत एवढं पुरतंय.

जुन्या कॅलेंडरची मागची बाजू भिंतीला लावली आणि वर लिहिलं ‘मोडणारे शब्द’. रोज एकेकानं एक आणायचा. पहिल्या आठवड्यात घरातले आले, चमचा-चमच्यानं, सून-सुनेला, बहीण-बहिणीला. मग रस्त्यावरचे यायला लागले, टायर-टायरात, गुऱ्हाळ-गुऱ्हाळावर. कुणीतरी ‘मिसळ-मिसळीत’ आणलं, त्यावरून ‘कट-कटात’ आला आणि मला सांगायला लागलं की बाकीच्या महाराष्ट्रात कटात सामील होणं हा गुन्हा असतो, आमच्याकडं पाव बुडवतात. ‘गुऱ्हाळ’च्या ‘ऱ्हा’वर एक अख्खा दिवस गेला. ‘र’ हा एक लबाड माणूस आहे, ‘प्र’मधे पायाशी, ‘ट्र’मधे टोपी उलटी करून, ‘अर्धा’मधे डोक्यावर, आणि ‘शेतकऱ्याला’मधे आडवा पडून. तेवढे चार वेश ओळखले की तो सापडतो.

इंग्रजीचं थोडक्यात सांगते कारण सेमीवाल्यांच्या आया विचारतात. माझा भाचा इंग्लिश मीडियमला आहे, त्यांच्या फोनिक्समधे ओपन सिलॅबल, क्लोज्ड सिलॅबल असं सगळं पहिल्यापासून असतं, म्हणजे शब्दाचे आवाजाप्रमाणं तुकडे पाडायला रीतसर शिकवतात, ‘कॅप’ला शेवटी ई लावला की तो स्वतः मुका राहून ‘केप’ करतो, ‘पिन’चं ‘पाईन’ करतो. आणि शेवटी ईडी लागली (दाजी हे ऐकून दचकले) तर ती ‘जम्प’ला ‘ट’ ऐकू येते, ‘प्ले’ला ‘ड’, आणि ‘वॉन्ट’ला ‘इड’. लिहायचं मात्र तिन्हीकडं सारखंच. मला हे उलटं वाटलं, तिकडं लिखाण हट्टानं तसंच ठेवतात आणि तोंड वळवून घेतात, आपल्याकडं तोंड वळलं की लिखाण पण वळतं, उसाला म्हटलं की ‘उ’ लगेच ह्रस्व. आपलं सोपं आहे खरं तर. पण त्यांनी तुकडे पाडायला शिकवलं आणि आपण म्हटलं बाराखडी पाठ कर, झालं. आता पुस्तकात चौदाखडी असते, कॅ आणि कॉ धरून, म्हणजे पाठ करायला दोन जास्त.

तर, ती ‘जातो’वाली पोरगी.

मी तिला काय म्हटलं ते सांगायचं राहिलंय आणि मुद्दामच मागं ठेवलं होतं. मी म्हटलं, ‘मुलगी आहेस ना तू? मग जातो काय? जाते म्हण.’ सगळी पोरं हसली. हसायचं कारण त्यांना पण माहीत नव्हतं, कारण त्यातल्या पोरी सगळ्या ‘जातो’च म्हणतात. पण बाईंनी टोकलं म्हणजे हसायचं असतंय. ती गप्प झाली, आणि पुढं पंधरा दिवस मोठ्यानं वाचेना. बोट फिरवायची, ओठ हलवायची, आवाज नाही.

मग एकदा तिची आज्जी न्यायला आली. दारातच उभी राहून म्हणाली, ‘बाई, हिला काय शिकवलाईसा? काल मला म्हणती, आज्जे तू बाईमाणूस हैस न्हवं, मग मी आलो का म्हणतीस. आता मी सत्तर वर्षं आलो-गेलो म्हणत आलो, आता कुठनं आले-गेले करू?’ हसत म्हणाली, पण पदर सावरत, इकडंतिकडं बघत. हॉस्टेलवर मी तशीच बघायचे.

ह्या आज्जीला वाचता येत नाही. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत घातलं नाही तर आईबापाला महिन्याला रुपया दंड, हे मी दरवर्षी शाहू जयंतीला पोरांना रंगवून सांगते. आज्जी जन्मली तोवर संस्थान विलीन झालेलं, माहेर डोंगराकडचं, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणीतरी लागायचंच.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं काही म्हणणार नाही, लागली. पण दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या, ‘मी जाते’ आणि ‘मी जातो’, आणि विचारलं, पुस्तकातली बाई काय म्हणती? आणि आपण घरात काय म्हणतो? पोरांनी पटापट सांगितलं. मग पुस्तकातल्या बाईसारखं वाचायचं आणि नंतर तेच घरातल्यासारखं सांगायचं असा खेळ केला, आवाज बदलून. त्यांना ते जाम आवडलं, पुस्तकातली बाई म्हणजे नाकातून बोलणारी असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. ती पोरगी सगळ्यांत शेवटी बोलली, पण बोलली.

हे जूनचं. मग पाऊस लागला.

आमच्या भागात जुलैमधे सगळ्यांच्या तोंडी दोन आकडे असतात, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका. पाढे न येणाऱ्या पोराला हे येतात. शाळांना सुट्टी, वर्ग बंद. आज्जीचं घर आमच्यापेक्षा खालच्या अंगाला, २०१९ ला त्यांच्यात कमरेच्या वर पाणी होतं, तेव्हापासून नदी तिशीला गेली की म्हातारी भांडी बांधायला घेते. मी आणि शेजारची एक, आम्ही दोघी धान्याचे डबे माळ्यावर चढवायला गेलो होतो. लाईट गेलेली. तिची सून माहेरी, मुलगा कामाला वडणग्याला, म्हणजे नदीच्या पलीकडं, शिवाजी पूल ओलांडून.

मोबाईल वाजला, पेठेच्या ग्रुपवर मेसेज. आज्जी म्हणाली, बघ गं काय आलंय. पोरीनं वाचलं, ‘शिवाजी पुलावरचं पाणी वाढलंय...’

आज्जीच्या हातातली परात खाली. ‘पुलावर? अगं तुझा बाप पलीकडं हाय!’

माझा हात फोनकडं गेला होता, खरं सांगते, दोन बोटांवर होता फोन. पण आज्जीनंच पोरीचा दंड धरला, ‘नीट वाच की गं बाय, नीट बघ. वर हाय का खाली हाय?’

पोरीनं फोन जवळ घेतला. डाव्या हातानं धान्याच्या डब्यावर वाजवायला लागली, हळू, एकेक ठोका. पु. ला. ‘पु-ला-खा-लचं,’ ती म्हणाली. मग परत पहिल्यापासून, सलग, ‘शिवाजी पुलाखालचं पाणी वाढलंय. पुलावरची वाहतूक चालू हाय.’ दोन ओळी एकाखाली एक होत्या, दोन्हीत ‘पुला’, तिनं पहिल्याला दुसऱ्याचं शेपूट लावलं होतं. आज्जीनं विचारलं, ‘चालू हाय? नक्की?’ तिनं बोट ठेवून दाखवलं, आज्जीला न वाचता येणारं ते अक्षर, ‘ही बघ, व-र-ची. आणि ही खा-लचं.’

मेसेजमधे ‘वाढले आहे’ आणि ‘सुरू आहे’ असं होतं. मी मागून वाचलं होतं.

म्हातारी परात उचलून परत भांडी बांधायला लागली. थोड्या वेळानं पोरीनं विचारलं, ‘बाई, हितं ३९ फुटांवर लिहिलंय. फूटचा फु बारका झालाय.’ मी म्हटलं, वाजवून बघ. तिनं वाजवलं, फु-टां-वर, आणि म्हणाली, हां, ट तिकडं गेला. भिंतीवरच्या यादीत लिहायचा म्हणून तिनं हातावर पेनानं लिहून ठेवला, पावसात पुसला जाईल म्हणून वर पिशवी गुंडाळली.

तिचा बाप आठ वाजता आला, भिजून चिंब. तोवर आम्ही माळ्यावरच होतो. खालून आज्जीनं हाक मारली, ‘ओ बाई, च्या केलाय, या खाली.’

‘आलो, आलो,’ मी म्हटलं.